एका पाटीवर दोन उच्चार

"बाई, पाटी एकच आहे ना? मग एकदा 'ईन' आणि एकदा 'आइन' का?"

प्रश्न मरीन लाइन्स स्टेशनच्या पाटीचा होता. विचारणाऱ्या ताई चर्नी रोडजवळच्या एका कार्यालयात साफसफाईचं काम करतात. त्या सातवी शिकलेल्या आहेत आणि लालबागमधल्या आमच्या संध्याकाळच्या वर्गाला कधी चुकत नाहीत. त्यांनी वहीत दोन्ही शब्द उतरवून आणले होते. पहिला एम-ए-आर-आय-एन-ई, दुसरा एल-आय-एन-ई-एस. दोन्हींत आय-एन-ई, त्याच क्रमाने. "लाइन बरोबर असेल तर हे मराइन हवं. मरीन बरोबर असेल तर ते लीन्स हवं. दोन्ही बरोबर म्हणता, तर मी वाचू कशी?"

माझ्या शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. (ते पहिलीपासून आलं २००० साली.) 'सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर' असं आम्ही सुरात घोकायचो. प्रत्येक शब्द वेगळा पाठ. एका शब्दाचं दुसऱ्याशी नातं असतं हे कोणी सांगितलं नाही, आणि इंग्रजीला नियमच नाहीत अशी समजूत माझ्या मनात पुढे कितीतरी वर्षं राहिली. ती समजूत चुकीची आहे. तिच्यामुळे मराठी माध्यमातली पुष्कळ हुशार मुलं वर्गात मोठ्याने वाचायला घाबरतात, म्हणून मला हे सविस्तर सांगायचं आहे.

आधी आपल्याच लिपीकडे बघू. देवनागरी जशी लिहिली तशी वाचतात, असं आपण अभिमानाने सांगतो, आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण 'घर' हा शब्द म्हणून बघा. शेवटच्या र मधला अ आपण म्हणतच नाही. लिहितो घर, म्हणतो घर्. 'ऋषी' लिहितो, म्हणतो रुषी. 'ज्ञान' लिहितो आणि द्न्यान म्हणतो, हिंदीवाले तेच अक्षर ग्यान असं वाचतात. 'जरा थांब' मधला जरा आणि म्हातारपण या अर्थाचा जरा, लिहायला अगदी एक, म्हणायला वेगळे. 'चाळ' मधला च आणि 'चिमणी' मधला च यांत जीभ दोन वेगळ्या जागी लागते. लालबागच्या पोराला हे कोणी शिकवलेलं नसतं. तो ऐकून शिकतो, मग वाचताना आपोआप बरोबर वाचतो.

म्हणजे अक्षर एक आणि उच्चार दोन, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. इंग्रजीत ती फार जास्त आहे, एवढंच. अक्षरं २६ आणि ध्वनी सुमारे ४४, त्यातले स्वरांचेच जवळपास २०. स्वरांसाठी अक्षरं मात्र पाच, वाय धरला तर सहा. पाच भांड्यांत वीस जणांचा स्वयंपाक करायचा, तर एकच भांडं कधी आमटीला आणि कधी भाताला वापरावं लागणारच. मग आत काय आहे हे ओळखायचं कसं? शेजारी कोण बसलं आहे ते बघून. इंग्रजी वाचताना एकेक अक्षर सुटं वाचायचं नसतं, त्याच्या पुढचं अक्षर बघून वाचायचं असतं.

सर्वांत भरवशाचा नियम सी या अक्षराचा आहे आणि तो शिकायला हार्बर लाइनवर जावं. किंग्ज सर्कल. सर्कलचं स्पेलिंग सी-आय-आर-सी-एल-ई. पहिला सी स, दुसरा सी क. पहिल्याच्या पुढे आय आहे, दुसऱ्याच्या पुढे एल. नियम असा: सीच्या पुढे ई, आय किंवा वाय आला की स, बाकी काहीही आलं की क. त्याच लाइनवरच्या कॉटन ग्रीनमध्ये पुढे ओ आहे म्हणून क. करी रोडमध्ये यू, म्हणून क. मुंबई सेंट्रलमध्ये ई, म्हणून स. सिटी, सायकल, सेंट, सिनेमा, सगळीकडे हेच. ॲक्सिडेंटमध्ये दोन सी शेजारी आहेत. पहिल्याच्या पुढे सी आहे म्हणून तो क, दुसऱ्याच्या पुढे आय आहे म्हणून तो स, दोन्ही मिळून क्स. या नियमाला अपवाद इतके थोडे आहेत की मी वर्गात ते सांगतच नाही. (यातल्या काही स्थानकांची नावं बदलायचं राज्य सरकारने २०२४ मध्ये ठरवलं. पाट्या बदलल्या तरी सर्कल, कॉटन आणि सेंट्रल हे शब्द कुठे जात नाहीत.)

हे असं का होतं? त्याचं उत्तर आपल्या तोंडातच आहे. 'माझा' म्हणा, मग 'माझी' म्हणा. सावकाश म्हणा. माझा म्हणताना जिभेचं टोक दातांच्या मुळाशी असतं. माझी म्हणताना झ मागे टाळूकडे सरकतो. लिहिताना झ तोच, पण पुढे ई आली आणि तिने त्याला आपल्याकडे ओढलं. इ-ई म्हणताना जीभ टाळूकडे उचलली जाते, म्हणून आधीचं व्यंजनही तिकडे कलतं. लॅटिनमधला सी आधी सगळीकडे क होता. पुढे इ-ए आले तिथे तो कलत कलत फ्रेंचमध्ये स झाला, आणि फ्रेंचमधून इंग्रजीत आला. 'इलेक्ट्रिक' मधला शेवटचा क 'इलेक्ट्रिसिटी' मध्ये स होतो तो याच कारणाने. माझाचं माझी होताना जे घडतं, त्याच जातीचं हे आहे.

जीचंही असंच आहे, पण तिथे जरा जपून. जिम, जायंट, जिंजर, जनरल मध्ये पुढे ई-आय-वाय आहे म्हणून ज. पण गेट म्हणजे मिळणे, गिव्ह, गर्ल, गिफ्ट मध्ये ग तसाच राहिला. हे शब्द फ्रेंचमधून आलेले नाहीत, इंग्रजांचे आणि त्यांच्या उत्तरेकडच्या शेजाऱ्यांचे जुने घरगुती शब्द आहेत. रोजच्या वापरातला लहानसा शब्द असेल तर ग, पुस्तकी असेल तर ज, असा अंदाज बांधला तर बहुतेक वेळा बरोबर येतो.

आता त्या ताईंच्या प्रश्नाच्या जवळ जाऊ. त्यासाठी शब्दाच्या शेवटी येणारा, स्वतः काही न बोलणारा ई समजून घ्यावा लागेल.

एम-ए-टी मॅट. त्याला ई जोडा, एम-ए-टी-ई मेट. के-आय-टी किट, ई जोडल्यावर काइट. एच-ओ-पी हॉप, ई जोडल्यावर होप. सी-यू-टी कट, ई जोडल्यावर क्यूट. शेवटचा ई गप्प असतो, पण एक व्यंजन ओलांडून मागच्या स्वराला हाक मारतो, आणि तो स्वर आपलं अक्षरमालेतलं नाव सांगतो: ए, आय, ओ, यू. चर्चगेटमधला गेट असाच, जी-ए-टी-ई. शेवटचा ई काढलात तर गॅट होईल.

आमच्या वर्गात हा नियम सगळ्यांना पटतो तो आडनावांमुळे. परदेशी ग्राहकांशी फोनवर बोलणारा एक मुलगा रात्रपाळीच्या आधी वर्गाला येतो. त्याने सांगितलं, "बाई, आमच्याकडच्या मोरेला सगळे मिस्टर मोर म्हणतात आणि मानेला मेन." त्या ग्राहकांची चूक नाही. एम-ए-एन-ई हा इंग्रजीतला खराखुरा शब्द आहे, मेन म्हणजे घोड्याची आयाळ. एस-ए-एन-ई म्हणजे आपले साने, ते वाचतात सेन, अर्थ शहाणा. काळे लिहिलं की केल होतं, ती एक पालेभाजी आहे. मोरे म्हणजे मोअर, अधिक. पोळे म्हणजे पोल, खांब. आपण ही आडनावं रोमन लिपीत लिहिताना शेवटच्या ईला बोलायला लावतो. इंग्रज वाचताना त्याला गप्प बसवतो आणि मागचा स्वर बदलतो. ठाण्याचंही तेच. टी-एच-ए-एन-ई हा शब्द इंग्रजीत आहे, उच्चार थेन, स्कॉटलंडमधल्या सरदारांची एक जुनी पदवी. आणि विलेपार्ल्याच्या पाटीवरचा व्ही-आय-एल-ई नवखा इंग्रज वाइल असा वाचेल. त्या शब्दाचा अर्थ नीच. पार्लेकरांनी मनाला लावून घेऊ नये.

यामागे एक इतिहास आहे. भारतीय नावं रोमन लिपीत कशी लिहावीत हे ठरवताना एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी व्यंजनं इंग्रजीप्रमाणे आणि स्वर इटालियनप्रमाणे असं सूत्र धरलं. विल्यम हंटर यांच्या नावाने ती पद्धत ओळखली जाते. म्हणून दादर, माटुंगा, ठाणे वाचताना ए म्हणजे अ किंवा आ, ई म्हणजे ए, आय म्हणजे इ. लहानपणापासून रोज या पाट्या वाचून आपल्या डोळ्यांना इटालियन स्वरांची सवय लागते, आणि त्याच सवयीने आपण इंग्रजी शब्द वाचायला जातो. माझ्या मते मुंबईकराच्या वाचनातल्या निम्म्या अडचणी इथून येतात. स्टेशनची पाटी वाचताना एक डोळा आणि इंग्रजी वर्तमानपत्र वाचताना दुसरा, असे दोन डोळे वापरावे लागतात.

शब्द शेवटी वाढला की काय होतं तेही बघा. राइट, म्हणजे लिहिणे, डब्ल्यू-आर-आय-टी-ई. त्याचं रायटिंग, एकच टी. पण रिटन लिहिताना दोन टी. दोन टी आले की समजायचं मागचा स्वर आखूड आहे. डायनर आणि डिनर यांत फरक एका एनचा. होपिंग म्हणजे आशा करणं, हॉपिंग म्हणजे लंगडी घालणं, फरक एका पीचा. जोडीने आलेलं व्यंजन हे भिंतीसारखं असतं, पलीकडच्या स्वराची हाक अलीकडे पोचू देत नाही. डॉकयार्ड रोडमधला सी-के हीसुद्धा अशीच जोडी.

मराठी शुद्धलेखनात आपण हेच करतो. तीळ दीर्घ, तिळाचा ऱ्हस्व. मूल दीर्घ, मुलाला ऱ्हस्व. फूल, फुलाचा. शब्दाच्या शेपटाला काही जोडलं की मागची वेलांटी किंवा उकार आखूड होतो. शाळेत या नियमाने छळलेलं नाही असा मराठी माणूस मिळायचा नाही. इंग्रज हे वेलांटीने दाखवू शकत नाही, कारण त्याच्याकडे वेलांटी नाही. तो व्यंजन दुप्पट करून दाखवतो.

आता अपवाद. हॅव्ह, गिव्ह, लिव्ह, लव्ह. शेवटी ई आहे आणि तरी मागचा स्वर आखूडच. कारण इंग्रजीची एक जुनी रीत आहे: शब्द व्ही या अक्षरावर संपवायचा नाही. तिथे ई नुसता आधाराला उभा असतो, हाक मारत नाही. लव्ह, कम, सम, सन म्हणजे मुलगा, यांत ओ लिहून अ म्हणतात त्याची कथा आणखी वेगळी. जुन्या हस्तलिखितांत यू, एन, एम, व्ही ही अक्षरं सारख्याच उभ्या दांड्यांनी काढत. शेजारी शेजारी आली की दांड्या मोजत बसावं लागे. म्हणून लेखनिकांनी अशा ठिकाणी यूच्या जागी ओ लिहायला सुरुवात केली, असं अभ्यासक सांगतात. मोडी वाचणाऱ्यांना ही अडचण लगेच कळेल.

तर, लाइन आणि मरीन. लाइन हा शब्द इंग्रजीत फार जुना, हजार वर्षांपूर्वीचा. त्या काळी आयचा उच्चार ई असाच होता, म्हणजे लाइनचं लीन. नेम म्हणजे नाव, त्याचा उच्चार होता नाऽम, आणि शेवटचा ईसुद्धा हलकासा बोलला जायचा. आपल्या 'नाम' शब्दाच्या किती जवळ! ते खरोखरच एकाच मुळाचे शब्द आहेत. मग साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजांच्या तोंडात सगळे दीर्घ स्वर जागा बदलत गेले. आ होता तो ए झाला, ए होता तो ई झाला, ई होता तो आय झाला. शेवटचा ई आधीच गळून गप्प झाला होता, जसा संस्कृत 'राम' मधला शेवटचा अ मराठीत गळला पण लिपीत राहिला. आणि नेमक्या याच धामधुमीत, १४७६ मध्ये, विल्यम कॅक्स्टन यांनी लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. छापील पुस्तकांनी स्पेलिंग हळूहळू पक्कं केलं, बोलणं मात्र पुढे सरकत राहिलं. आज आपण जे स्पेलिंग बघतो ते बऱ्याच अंशी त्या जुन्या उच्चाराचं चित्र आहे.

लाइन या सगळ्यातून गेला, म्हणून त्याचा आय बदलला. मरीन हा शब्द फ्रेंच वळणाचा, आणि त्याच्या आयने फ्रेंच उच्चार राखला. मशीन, पोलीस, रूटीन, मॅगझीन ही त्याच्याच घरातली मंडळी. मशीन तर दोन खुणा दाखवतो: त्यात सी-एच आहे आणि त्याचा उच्चार श. सी-एचचा श आणि आयचा ई, दोन्ही फ्रेंच घराच्या खुणा. शब्द कुठून आला हे कळलं की सी-एच वाचता येतो. चर्च, चाइल्ड, चीज हे घरचे, म्हणून च. मशीन, शेफ, पॅराशूट फ्रेंच, म्हणून श. स्कूल, केमिस्ट, स्टमक ग्रीक वळणाचे, म्हणून क. पी-एचचा फ दिसला, फोटो, फोन, फार्मसी, की तोही ग्रीकच.

ताईंना मी एवढंच म्हटलं होतं, "लाइन ही घरची लेक आहे, मरीन बाहेरून आलेली सून. सुनेने माहेरची बोली सोडली नाही." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

गप्प अक्षरांबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण त्यांची लोकांना सर्वांत जास्त भीती. नो म्हणजे जाणणे, के-एन-ओ-डब्ल्यू. पुढचा के कशाला? कारण तो पूर्वी बोलला जात होता, क्न असा. संस्कृतातला ज्ञा हा धातू आणि इंग्रजीतला हा नो सख्खे भाऊबंद आहेत. हे जोडाक्षर जिभेला जड, म्हणून मराठीने त्याचं द्न्य केलं, हिंदीने ग्य केलं, आणि इंग्रजाने पहिलं अक्षर म्हणायचंच सोडून दिलं. तिघांनीही लिहिण्यात जुनं रूप ठेवलं. नी म्हणजे गुडघा, तिथेही के गप्प, आणि संस्कृतात त्याचा भाऊ जानु. नाइट म्हणजे रात्र, त्यातला जी-एच पूर्वी ख सारखा घशातून खरखरत म्हणत. त्याचा संस्कृत भाऊ नक्त, त्यातला क्त अजून ऐकू येतो. डेट म्हणजे कर्ज, त्यातला बी मात्र कधीच बोलला गेला नव्हता. इंग्रजीत शब्द आला तेव्हा बी नव्हताच. पुढे विद्वानांना वाटलं, मूळ लॅटिन शब्दात बी आहे तर आपणही दाखवावा, म्हणून तो घातला. ऋषी लिहून रुषी म्हणणाऱ्यांनी हे समजून घ्यायला हरकत नाही.

जागेचं महत्त्व कळायला सायनला उतरू. मराठीत शीव, म्हणजे गावाची हद्द. इंग्रजी पाटीवर एस-आय-ओ-एन. शब्दाच्या सुरुवातीला आहे म्हणून सायन, जसं एल-आय-ओ-एन लायन. हीच चार अक्षरं शब्दाच्या शेवटी गेली की? पेन्शन. टेन्शन. तिथे ती शन होतात. व्हिजन, टेलिव्हिजन मध्ये मागे स्वर आला, तर आणखी मऊ होतात. टी-आय-ओ-एनचंही तसंच, स्टेशन हा शब्दच घ्या.

इंग्रजी स्पेलिंगची खिल्ली उडवणारं एक जुनं कोडं आहे, आणि योगायोगाने ते आपल्या नाशिकच्या वाटेवरच्या, इगतपुरीपुढच्या घोटीचं स्पेलिंग आहे. जी-एच-ओ-टी-आय. रफ मधला जी-एच फ, विमेन मधला ओ इ, नेशन मधला टी-आय श. मिळून फिश, मासा! हे कोडं बर्नार्ड शॉ यांच्या नावावर सांगतात, पण ते १८५५ सालच्या एका पत्रात सापडतं आणि शॉ जन्मले १८५६ मध्ये. कोडं गमतीचं आहे, मात्र ते खोटं बोलतं. जी-एच शब्दाच्या सुरुवातीला आला की ग, घोस्ट पाहा. तिथे तो फ कधीच नसतो. टी-आयचा श पुढे स्वर असेल तरच होतो, शब्दाच्या अगदी शेवटी नाही. ओचा इ फक्त विमेन या एका शब्दात. तेव्हा इंग्रज माणसासमोर हा शब्द ठेवला तर तो गोटी असं काहीतरी वाचेल. आपल्या घोटीच्या बरंच जवळ, आणि माशापासून लांब.

शब्दाच्या शेवटी लागणाऱ्या एस आणि ई-डीसाठी मी वर्गात आठवीचं मराठी व्याकरण काढते. कठोर व्यंजनं आणि मृदू व्यंजनं आठवतात? सत् अधिक कार सत्कार, पण सत् अधिक गुण सद्गुण. कठोराशेजारी कठोर, मृदूशेजारी मृदू. इंग्रजीचा एसही असाच वागतो. बुक्समध्ये क कठोर, म्हणून स. रोड्समध्ये ड मृदू, म्हणून तो एस 'जवळ' मधल्या ज सारखा मऊ होतो. लाइन्समधलाही मऊच. बसेसमध्ये आधीच स असल्यामुळे मध्ये एक इ घालावा लागतो. ई-डीचं तेच: वर्कचं वर्क्ट, प्लेचं प्लेड, आणि वाँटमध्ये आधीच ट आहे म्हणून वाँटिड. वर्क-एड, वॉश-एड असं आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. ते वर्क्ट, वॉश्ट केलंत तर म्हणायलाही सोपं जातं.

इथवरचे नियम डोळ्यांना दिसणारे. पुढचा दिसत नाही, आणि बोलणं समजावं म्हणून मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो: आघात. मराठीत आपण शब्दातल्या सगळ्या अक्षरांना जवळपास सारखा वेळ देतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर पडतो आणि बाकीची दबतात. दबलेला स्वर, मग तो ए असो, ई असो की ओ, साधारण आपल्या अ सारखा होतो. बनानामध्ये तीन ए आहेत. मधल्यावर जोर, तो आ. पहिला आणि शेवटचा नुसते हलके अ. शब्दकोशात हा स्वर उलट्या केलेल्या छोट्या ईने दाखवतात, आणि इंग्रजी बोलण्यात सर्वांत जास्त वेळा येणारा स्वर हाच आहे. आपल्या मुळाक्षरांची सुरुवात त्याच्या अगदी जवळच्या स्वराने होते, त्यामुळे हा आपल्याला कठीण जायचं कारण नाही. आपण तो म्हणत नाही, कारण समोर ए किंवा ओ लिहिलेला दिसतो आणि त्याला पूर्ण मान द्यावासा वाटतो.

जोर सरकला की शब्दाचा चेहरा बदलतो. फोटोग्राफमध्ये जोर फो वर. फोटोग्राफरमध्ये तो टॉ वर जातो, आणि फो दबून फ होतो. रेकॉर्ड म्हणजे नोंद, जोर रे वर. रिकॉर्ड म्हणजे नोंद करणे, जोर कॉ वर. स्पेलिंग दोन्हींचं एकच. सोय एवढीच की शेवटी शन, इक किंवा इटी असेल तर जोर त्याच्या अगदी आधीच्या अक्षरावर येतो: इन्फर्मेशनमध्ये मे वर, इलेक्ट्रिसिटीमध्ये ट्रि वर. बाकीच्या शब्दांसाठी शब्दकोश उघडावा. जिथे जोर आहे त्या अक्षराच्या आधी वर एक छोटी उभी रेघ असते. आमच्या वर्गात नवीन शब्द वहीत लिहिताना जोराच्या अक्षराखाली रेघ मारायची पद्धत आहे. स्पेलिंग चुकलं तरी चालेल, रेघ चुकता कामा नये, असं मी सांगते.

व्ही आणि डब्ल्यूचंही सांगून टाकते. वरळी आणि वडाळा डब्ल्यूने, वर्सोवा, विक्रोळी आणि वाशी व्हीने, आणि देवनागरीत सगळीकडे व. आपला व या दोघांच्या मधला आहे. व्हीसाठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवा. डब्ल्यूसाठी दात लपवा आणि ओठांचा चंबू करा. मराठीत आपण व्हॅन, व्होट असं व्ह लिहून हा फरक दाखवतोच, फक्त तो म्हणताना ह ची हवा सोडायची नाही.

परळच्या माणसाने लंडनच्या माणसासारखं बोलावं असा माझा आग्रह मुळीच नाही. कारमधला आर आपण स्पष्ट म्हणतो, स्कॉटिश आणि बहुतेक अमेरिकन लोकही म्हणतात. आपला ट थोडा जाड असतो, असू दे. वाचता यावं, आणि बोललेलं समोरच्याला कळावं.

गेल्या आठवड्यात त्याच ताईंनी नवा शब्द आणला. हार्बर लाइनवरचं रे रोड, आर-ई-ए-वाय. "ई-ए म्हणजे ई ना? सी म्हणजे समुद्र, टी म्हणजे चहा. मग हे री रोड का नाही?" मी सांगितलं की ई-एचा ए उच्चार ग्रेट, ब्रेक, स्टेक अशा मोजक्या शब्दांत राहिला आहे. रे हे तर नाव आहे, लॉर्ड रे १८८५ ते १८९० मुंबईचे गव्हर्नर होते. नाव कसं वाचायचं हे नाववाल्यालाच विचारावं लागतं, साने आणि मान्यांना विचारावं लागतं तसंच. यावर फोनवाला मुलगा म्हणाला की आजपासून तो ग्राहकाला आधी विचारणार, तुमचं नाव कसं म्हणू.